मुठीवरचा खळगा

दुसऱ्याच्या घरी गेल्यावर माणसाने दिलेल्या खुर्चीवर बसावं, पुढे आलेला चहा प्यावा, चार शब्द बोलावेत आणि निघावं. मुकादमिणीच्या मुलाला हे कधी जमलं नाही. तो आधी खुर्ची पालथी करायचा. चहाचा कप रिकामा झाला की त्याचं बूड बघायचा, आणि रिकामा नसला तर डोक्यावर धरून खालून बघायचा. तिच्या भावाच्या नव्या घरात जेवणाच्या टेबलाखाली शिरून त्याने, "मामा, हे पाय नंतर बसवलेत," असं आतून ओरडून सांगितलं होतं, आणि मामीचा चेहरा जो उतरला तो पुढे कित्येक वर्षं चढला नाही. तेव्हापासून घरात त्याचं नाव पालथ्या पडलं. शिकला, डिझायनर झाला, माणसं सर म्हणायला लागली, कानाशी केस पांढरे झाले, तरी आईच्या तोंडी पालथ्या तो पालथ्याच. "सांगून उपयोग काय? पालथ्या घड्यावर पाणी," असं ती सुनेला म्हणायची. सून दातांची डॉक्टर, ती म्हणायची, "आई, घड्याचं बूड तरी तो बघतो. माझ्याकडे बघायला त्याला वेळ कुठे आहे?" पण हल्ली त्याने जे नवीन काढलं होतं ते मुकादमिणीला या सगळ्याहून जास्त टोचत होतं. संध्याकाळी फोन करायचा आणि विचारायचा, "नव्या बसमधून गेलीस का?" नाही म्हटलं की गप्प. का रे, म्हटलं की, "सहज." सहज म्हणे! या पोराने जन्मात काही सहज केलं असेल तर ते शिंकणं. आईशी सरळ बोलायला तोंड उघडत नाही आणि बशीची चौकशी रोजची. ती मुद्दामच नव्या बशी सोडून देत होती. आपल्याला कोणी कुठे ढकलतंय असं वाटलं की ती पाय रोवून उभी राहायची. लाँड्रीत इस्त्रीच्या खात्यावर एवढ्या बायका सांभाळल्या त्या याच जोरावर, आणि मुकादमीण हे नाव नोकरी संपल्यावरही चिकटून राहिलं ते त्याचमुळे.

त्या सकाळी मात्र चष्म्याची दांडी तुटली होती, चष्मेवाल्याकडे जायचं होतं, आणि जुनी बस काही येईना. आली ती नवी. काच मोठी, पायरी खाली, आत दवाखान्यासारखा उजेड. बसायला जागा नव्हती म्हणून ती मधल्या वाटेत उभी राहिली. ड्रायव्हरने कुत्रं आडवं आलं म्हणून करकचून ब्रेक दाबला, सगळी बस पुढे वाकली, आणि तिचा उजवा हात आपोआप शेजारच्या सीटच्या कोपऱ्यावर गेला. तिथे पिवळ्या रबरासारख्या कसल्याशा वस्तूची एक उभी मूठ होती. हात तिच्याभोवती वळला. वळला म्हणजे बसला. धरलेली वस्तू हाताला लागते, थोडी इकडे टोचते, थोडी तिकडे पोकळ राहते, मग हात तिच्याशी जमवून घेतो. इस्त्री असो, बादली असो, माणसाचा दंड असो. इथे जमवायला काही उरलंच नव्हतं. तर्जनी आपल्या खाचेत गेली, मधलं बोट आपल्या, अनामिका आपल्या. आणि करंगळी, जी तरुणपणी लाँड्रीत कपडे पिळायच्या रुळात सापडून मोडली होती आणि तेव्हापासून मिटत नव्हती, सगळ्या मुठीबाहेर वाकडी उभी राहत होती, ती करंगळीसुद्धा एका तिरक्या खोबणीत जाऊन अलगद टेकली. जगात त्या करंगळीला टेकायला जागा नव्हती. हातमोजा तिला बसत नसे. बस पुन्हा सुरू झाली तरी मुकादमिणीच्या अंगातून धक्का गेला नाही. आणि नाकात टर्पेंटाइनचा वास आला, भर उन्हात, दारं बंद असलेल्या नव्याकोऱ्या बसमध्ये.

टर्पेंटाइन म्हणजे तिचा नवरा. तो पाट्या रंगवायचा. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, कारखान्यांच्या फाटकांवरच्या. एका खोलीच्या संसारात पाट्या वाळायला भिंतीला टेकवून ठेवलेल्या असायच्या आणि ती त्यांच्या मधून स्वयंपाक करायची. शाळा तिसरीत सुटली होती. वाचायला शिकली ती त्या पाट्यांवरून. म्हणून तिला 'प्रवेश बंद' आणि 'सावधान' आधी वाचता आलं आणि स्वतःचं नाव नंतर. नवरा बोलायचा कमी. एक अक्षर काढायला त्याला जितका वेळ लागायचा तितकाच एक वाक्य बोलायला. रंग हाताला राहू नये म्हणून रोज टर्पेंटाइनने हात धुऊन धुऊन त्याच्या अंगठ्याला मधोमध एक भेग पडली होती, ती कधी भरली नाही. पोरगं त्याच्या रंगाचे डबे पालथे करून बुडावरचे आकडे बघत बसायचं. "ओरड ना त्याच्यावर," ती म्हणायची. नवरा ब्रश धुता धुता म्हणायचा, "बघू दे. वर तर सगळेच बघतात." बापलेकांचं हे असं. ती कमवायची, ओरडायची, फी भरायची, आणि हे दोघे वस्तूंची बुडं बघायचे. पुढे पोरगा प्लास्टिकच्या कारखान्यात लागला. त्याने काढलेली पहिली बादली घरी आली तेव्हा तिने पाणी भरून उचलली आणि खाली ठेवून म्हणाली, "बोटं कापतात." तो आठवडाभर नळावर जाऊन बायकांचे हात बघत उभा राहिला, एकीने चपलेने मारायची तयारी केली तेव्हा आईलाच जाऊन सोडवून आणावं लागलं. पण बादलीची कडी बदलली. मग किटली, पंखा, लहान मुलांची खुर्ची, म्हाताऱ्यांचा वजनकाटा. पहिला नमुना नेहमी आईच्या घरी. गळणाऱ्या किटल्या, लंगडी स्टुलं, झाकणं न लागणारे डबे, सगळ्या वेड्यावाकड्या वस्तू तिच्या स्वयंपाकघरात वापरून झाल्यावर धड होऊन दुसऱ्यांच्या घरी जायच्या. बक्षीस म्हणून काचेचा एक ठोकळा मिळाला, तो ती खिडकी वाऱ्याने आपटू नये म्हणून लावायची. रेडिओवर कोणीतरी त्याला विचारलं होतं, तुम्हाला हे सुचतं कुठून? तर म्हणाला, "आईच्या हातातून." तिने ऐकून नाक मुरडलं होतं. लोकांसमोर आईचं नाव घ्यायला काय जातं, असं वाटलं होतं तिला. ते शब्द त्याने किती सरळ अर्थाने म्हटले होते, ते आता कळत होतं.

कारण ही मूठ कुठली ते तिला ठाऊक होतं. दवाखान्यातली दुपार. खिडकीला निळा पडदा, पडद्याच्या खालच्या बाजूची शिवण उसवलेली, आणि ती उसवलेली शिवण बघत ती पलंगाशी बसलेली. नवरा तीन दिवस डोळे उघडत नव्हता. तिने मुठी आवळल्या होत्या, इतक्या की नखं तळव्यात रुतून रक्त आलं. तिला कळलं नाही, पोराला दिसलं. त्याच्या खिशात नेहमी डिझायनरांची ती तपकिरी माती असायची, मेणासारखी, न वाळणारी, हाताच्या उबेने मऊ होणारी. चालता-बोलता तो ती चुरायचा, सुनेच्या भाषेत त्याची तंबाखू. त्याने तिची उजवी मूठ उघडली, मातीचा गोळा आत ठेवला आणि म्हणाला, "आई, हे धर. हे दाब." तिने दाबलं. माती बोटांच्या फटीतून वर आली, मुठीवर एक टेकाड झालं. बरं वाटलं, खोटं कशाला बोला. काहीतरी दाबायला मिळालं. आणि मग, दुपार कलायच्या सुमारास, चादरीवरचा नवऱ्याचा हात हलला. डोळे मिटलेले, पण हात निघाला. चादरीवरून सरपटत, आंधळ्यासारखा चाचपडत, तिच्या बाजूला. तिच्याच बाजूला. तो तिच्या मुठीशी आला. मूठ भरलेली होती. तिने मनात म्हटलं, ठेवते, ही माती खाली ठेवते, पण बोटं मातीत इतकी रुतली होती की ती लगेच सुटेनात, आणि त्याच्या अंगठ्याने मुठीवरचं ते टेकाड चाचपलं आणि दाबलं. एकदाच, जोर नसल्यासारखं. लहान मूल पीठ दाबतं तसं. मग तो हात तिथून घसरला तो घसरलाच. पुढे लोक भेटायला आले तेव्हा ती सगळ्यांना सांगायची, "माझा हात हातात घेऊनच गेले." लोक म्हणायचे, भाग्यवान. ती मान हलवायची. ते धड खरं नव्हतं आणि धड खोटंही नव्हतं. हाताऐवजी त्याला माती मिळाली होती, पण तो आला होता. पोरगा तेव्हा पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. त्याने बघितलं की नाही, हे तिने कधी विचारलं नाही. माती कोणी उचलली, कुठे गेली, ते विचारायचीही तिला हिंमत झाली नव्हती. हिंमत हा शब्द तिने स्वतःच्या बाबतीत एरवी कधी वापरला नव्हता.

आणि आता ती माती रंग लावून बशीत उभी होती. तिने मान वर करून बघितलं. प्रत्येक सीटच्या कोपऱ्यावर एक. प्रत्येकीवर एक हात. शाळेची पोरं, एक झोपलेला पहारेकरी, ओठ हलवत हिशेब करणारा कोणी. सगळ्यांची बोटं तिच्या बोटांच्या जागी. सगळ्यांनी तिची ती दुपार धरून ठेवली होती आणि कोणालाच काही होत नव्हतं. बाहेर बघत होते, जांभया देत होते. समोर बसलेल्या बाईने तर करंगळीच्या खोबणीत भाजीची पिशवी अडकवली होती. "बघता काय मावशी, फार सोयीचं केलंय," ती बाई म्हणाली. "बसल्या बसल्या पिशवी अडकवता येते. कोणा शहाण्याला सुचलं असेल, नाही?" मुकादमिणीच्या तोंडावर आलं होतं, शहाण्याला नाही, रुळाला सुचलं. पण तेव्हाच तिला मुठीवरचं टेकाड आठवलं. तिने अंगठा वर नेला. मुठीच्या माथ्यावर, तर्जनीच्या किंचित पलीकडे, जिथे त्याचा अंगठा पडला होता. तिथे खळगा असायला हवा होता. उथळ, रुंद, मधोमध भेगेची एक उभी रेघ. अंगठा फिरला. माथा गुळगुळीत होता. अंड्यासारखा. तिने पुन्हा चाचपलं. मग ती पुढच्या सीटकडे सरकली, तिथली मूठ चाचपली. त्या पहारेकऱ्याचा हात बाजूला करून त्याच्या मुठीचा माथा बघितला. तो दचकून जागा झाला. "आजी, एका जागी उभ्या राहा ना," कंडक्टर मागून ओरडला, "पडाल!" "पडले तर तुझ्या अंगावर पडणार नाही," ती म्हणाली, "तू आपली तिकिटं फाड." शेवटच्या सीटपर्यंत गेली. सगळ्या गुळगुळीत. एकाही मुठीवर तो नव्हता. जणू त्या दुपारी तो हात निघालाच नव्हता, चादरीवरच राहिला होता, आणि ती इतकी वर्षं लोकांना खोटं सांगत आली होती.

चष्मेवाल्याचा थांबा गेला. ती उतरली नाही. मनाला समजावत राहिली: बरोबर आहे, बशीत खळगा कशाला ठेवतील? धूळ साचेल. लोकांच्या उपयोगाचं तेवढं घेतलं असेल त्याने. पण मूळ गोळा असणार. हा पोरगा टाकत काही नाही. पहिल्या बादलीची कडी अजून त्याच्या टेबलाच्या खणात आहे. गोळा असणार, आणि गोळ्यावर खळगा असणार, आणि खळग्यात रेघ असणार. नुसता एकदा अंगठा ठेवून बघायचा. तिला तेवढंच हवं होतं. इतकं साधं काही तिला कित्येक वर्षांत हवंसं वाटलं नव्हतं, आणि तेही नसलं तर, या धाकाने तिची मोडकी करंगळी दुखायला लागली, जी खरं तर दुखायची कधीच थांबली होती.

मुलाचं ऑफिस म्हणजे एका जुन्या गोदामातला मोठा हॉल. आत मेणाचा आणि तासलेल्या फोमचा वास, जमिनीवर पांढरा भुगा. भिंतीच्या फळ्यांवर तिचं अर्धं स्वयंपाकघर मांडलेलं होतं. गळकी किटली, लंगडं स्टूल, सगळ्यांना खाली चिठ्ठ्या लावलेल्या, जशा काही त्या मोठ्या घराण्यातल्या. एक मुलगी पॉलिश पेपरने कसलीशी मूठ घासत होती. घास, फुंकर, बोट फिरव. घास, फुंकर, बोट फिरव. तो आवाज मुकादमिणीच्या दातात गेला. पालथ्याने तिला दारात बघितलं आणि त्याचा चेहरा असा फुलला की क्षणभर तिला तो टेबलाखालून बाहेर येणारा पोरगाच दिसला.

"बसलीस! नव्या बसमध्ये बसलीस ना?"

"बसले नाही. उभी होते."

"मग तर धरलीच असशील. ओळखलंस? नाही, थांब, सांगू नकोस. करंगळीवरून ओळखलंस." तो तिच्याभोवती फिरत होता. "आई, किती ठिकाणी नाकारलं ते. म्हणे ती तिरकी खोबण कशाला, काढून टाका. मी म्हटलं, ती काढली तर मूठच देत नाही. आता सगळे तिथे पिशव्या अडकवतात आणि मला म्हणतात, काय डोकं आहे!"

"आधी विचारायचं होतंस."

"तू नको म्हणाली असतीस."

"म्हणून विचारायचं होतंस."

तो हसला. तिचा आवाज त्याने ऐकला नव्हता. त्याचं लक्ष तिच्या हाताकडे होतं. ती खुर्चीवर बसली, जी त्याने आधी पालथी केली नाही, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही. "तो गोळा कुठाय?" तिने विचारलं. "दवाखान्यातला."

तो थोडा गंभीर झाला. आतल्या कपाटातून त्याने एक मऊ कापडाची गुंडाळी आणली, दोन्ही हातांनी, जसं कोणी झोपलेलं मूल आणतं. उलगडली. तपकिरी माती वर्षांनी काळपट झाली होती. मुकादमिणीने उजवा हात पुढे केला आणि गोळा मुठीत घेतला. बोटं आपापल्या घरी गेली. तळव्याला नखांच्या जागा लागल्या. पडदा आठवला, शिवण आठवली. मग तिने डोळे मिटले आणि अंगठा वर नेला.

गुळगुळीत.

हॉलमध्ये पॉलिश पेपरचा आवाज चालूच होता. तिने डोळे उघडले, गोळा फिरवला, उजेडाकडे धरला, आणि जन्मात पहिल्यांदा एक वस्तू तिने पालथी करून बघितली.

"इथे काय होतं?"

"कुठे? अच्छा, तिथे." तो वाकला. "तिथे एक डाग होता. दाबलं गेलं होतं काहीतरी. तुझ्या कुठल्याच बोटाशी ते जुळेना. मी खूप लावून बघितलं, आई. अंगठा म्हणावा तर तुझा अंगठा तर या बाजूला. मला वाटलं खिशात टाकताना माझंच काही लागलं असेल. साचा घ्यायचा होता. माथा साफ हवा असतो, नाहीतर साच्यात तो डाग उतरतो. मग भरून घेतला."

"भरून घेतलास."

"एवढीशी माती लागली." आणि मग आईच्या चेहऱ्यावर त्याला काहीतरी दिसलं. "का? काय होतं ते?"

"त्यांचा हात आला तेव्हा तू कुठे बघत होतास?"

"कोणाचा हात?"

मुकादमिणीला इतक्या वर्षांचं उत्तर मिळालं. त्याने बघितलं नव्हतं. पलंगाच्या पायथ्याशी उभा होता, बापाच्या तोंडासमोर, आणि बघितलं नव्हतं. "तुझ्या बापाचा," ती म्हणाली. "शेवटचा. माझ्याकडे आला होता. माझी मूठ भरलेली होती, म्हणून मातीवर पडला."

"मी," तो म्हणाला, आणि थांबला. त्याच्या बापासारखाच वाक्य काढायला त्याला वेळ लागला. "मी तुझ्या बोटांकडे बघत होतो. माती कशी वर येते ते. मी, आई, मी विचार करत होतो की ही मूठ किती चांगली..." त्याने स्वतःचा अंगठा उजेडात धरून बघितला, मग तो खाली घेतला, लपवल्यासारखा. घासणाऱ्या मुलीने हात थांबवला होता. मुकादमिणीला वाटलं, आता रडेल. तो रडला नाही. त्याने आयुष्यभर जे केलं होतं तेच केलं. लगबगीने शेगडीवरच्या ट्रेमधून गरम मातीचा नवा गोळा काढला, तळव्यांत वळला, मऊ केला, आणि तिच्यापुढे धरला.

"दाखव मला. कुठे होता, केवढा होता. आपण परत करू. माझा अंगठा बाबांसारखाच आहे, तूच म्हणतेस. धर ना, आई. हे धर."

ऊबदार माती, तोच वास, तोच पुढे आलेला हात. क्षणभर तिची बोटं उचललीसुद्धा. हाताला सवय असते, त्याला अक्कल नसते. मग तिने तो हात मांडीवर घेतला, उताणा, रिकामा, वाकड्या करंगळीसकट, आणि तसाच राहू दिला. त्याच्याकडे बघितलं. पांढरे केस, खांद्यावर भुगा, कपाळाला आठी, आणि डोळ्यांत तो जुना निरागस आडमुठेपणा, की प्रत्येक दुखण्याला एक मूठ असते आणि ती नीट बसवली की झालं. तिला त्याचा राग यायला हवा होता. आला होताही, पण त्याच्या खाली काहीतरी होतं, आणि ती बूड बघणाऱ्यांपैकी नव्हती.

"ठेव ती माती खाली," ती म्हणाली. त्याने ठेवली. "तुझ्या वस्तूंना मी नावं ठेवणार नाही, पालथ्या. हातात बसतात. सगळं गाव धरून बसलंय, कोणी पडत नाही, चांगलं केलंस. पण कोणाचा हात रिकामा दिसला की तुला राहवत नाही, लगेच काहीतरी भरतोस त्यात. काही हात रिकामेच असावे लागतात रे. कोणीतरी यायचं असतं. ते तुला तेव्हा कळलं नाही आणि आता, हा गोळा पुढे केलास ना, आताही कळलेलं नाही. मी घरी जाते. त्याच बशीने जाईन, पण कशालाही धरणार नाही."